ताणावरची बाग

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या घरातला एक आवाज बंद व्हायचा. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा. एरवी ते दिवसातून दोन-तीन तास तरी डुगडुगत असायचं आणि आम्हाला त्याची इतकी सवय झालेली असायची, की ते थांबल्यावर पहिले काही दिवस घरातली माणसं विनाकारण मोठ्याने बोलत. मग हळूहळू बाकीचे आवाज वर यायचे. आईच्या भाकरी थापण्याचा, बाबांच्या खोकल्याचा, कुंपणापलीकडे चर्चमध्ये कुणीतरी पेटीवर एकच सूर धरून बसल्याचा, रामाकोन्याकडून येणाऱ्या छोट्या गाडीच्या शिटीचा. ती छोटी गाडी आता गेली, रुंद रूळ आले. आमचं सौंसर छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. गाव जागचं हललं नाही आणि जिल्हा बदलला, हे पाहिल्यापासून कायमचं म्हणून सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. तसा तो आधीही फारसा बसत नव्हता.

इंजिन बिघडलेलं नसायचं. संत्र्याच्या बागेला ताण द्यायचे ते दिवस. थंडीत महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं. झाड आधी नुसतं मलूल होतं, मग पानं मुडपतात, काही गळतात. नेमक्या वेळी पुन्हा पाणी सोडलं की झाड एकदम अंगभर फुलतं. ती नेमकी वेळ ओळखणं ही खरी विद्या, आणि ती माझ्या बाबांकडे होती. बाग त्यांची नव्हती, मंडळीची, म्हणजे चर्चची होती. जुन्या काळी कुणी मिशनरी साहेबाने लावलेली. बाबा तिचे राखणदार, माळी, सगळंच, आणि मंडळीचे पंचही. बागेच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर, तारेच्या पलीकडे चर्च. त्यामुळे देव आणि संत्री या दोन्ही बाबतींत आम्ही शेजारधर्मानेच वाढलो.

ताणाचे नियम आम्हा दोघी बहिणींना पाढ्यांसारखे पाठ होते. आजारी झाडाला ताण द्यायचा नाही. अंगावर फळ आहे त्याला द्यायचा नाही. आणि पाच वर्षांच्या आतल्या झाडाला तर मुळीच नाही, कारण ते फुलणार नाही, नुसतं मरेल. मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावून बाबांनी नांग्या भरल्या होत्या, बागेच्या शेवटच्या ओळीत. त्यांना ताणाच्या दिवसांतही बादलीने पाणी मिळायचं. ते काम माझी बहीण सरोजताई करायची. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तेव्हा एकोणीस वर्षांची. स्वयंपाकही तीच करायची, कारण आईच्या हाताची बोटं सांध्यांनी वाकडी होऊ लागली होती आणि भाकर सोडून तिला फारसं काही जमत नव्हतं. भाकर मात्र ती कुणाला करू द्यायची नाही.

आमचे पाळकसाहेब पांढुर्ण्याला राहायचे आणि एक रविवार आड सौंसरला यायचे. उपासनेनंतर त्यांचं जेवण आमच्याकडे. त्या डिसेंबरात तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत असं जेवताना त्यांनी बाबांना विचारलं, बाग अशी सुकलेली का दिसते? बाबांनी ताण समजावून सांगितला. पाळकसाहेबांचा घास हातात राहिला. म्हणाले, "याकोब बंधू, हा तर शिष्यत्वाचा दृष्टान्त आहे! स्वतःला नाकारणं, आपला वधस्तंभ उचलणं, ते हेच. देव आपलं पाणी तोडतो, म्हणजे आपल्याला फूल यावं." बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते मी पुढे पुष्कळ लेखकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. आपलं रोजचं काम दुसऱ्याच्या तोंडून उपमा होऊन परत आलं, की माणूस कामातून जातो. आई ताटात आमटी वाढता वाढता एवढंच म्हणाली, "झाडं बोलत नाईत म्हनून बरं हाये."

दरवर्षी जानेवारीत समर्पणाचा आठवडा असायचा. प्रत्येक घराने एका चिठ्ठीवर आपण प्रभूसाठी काय सोडलं ते लिहायचं, चिठ्ठी वेदीवरच्या पितळी गडव्यात टाकायची, आणि शेवटच्या रविवारी पाळकसाहेब त्या वाचून दाखवायचे. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, असं शिकवणाऱ्याच्या नावाने हा कार्यक्रम चालायचा, हे तिथे मला एकटीलाच विचित्र वाटत असावं. एका बाईंनी विडी सोडली होती. त्या कधी ओढत नव्हत्या. एकीने शेजारणीशी भांडण सोडलं आणि ती चिठ्ठी वाचली जात असताना शेजारणीकडे असं पाहिलं, की नवं भांडण तिथेच सुरू झालं. दाऊद मास्तर हे दुसरे पंच. त्यांनी आदल्या वर्षी आठवडाभर पायातले जोडे सोडले होते. जोडे मात्र पॉलिश करून वर्गाच्या दाराशी ठेवलेले असायचे, म्हणजे कुणीतरी विचारावं. बाबांनी त्याच वर्षी चहा सोडला. त्या आठवड्यात त्यांनी चहा सोडला आणि त्यांच्या स्वभावामुळे आम्ही त्यांच्याशी बोलणं सोडलं. चिठ्ठीवर फक्त पहिलं लिहिलेलं होतं. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते जोडे. चहाला कुणी विचारलं नाही, हे बाबांना लागलं होतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीचा थाट आणखी मोठा. चिठ्ठ्या वाचायच्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब, म्हणजे बिशप, येणार होते. पाळकसाहेबांनी ठरवलं, उपासना झाल्यावर सगळ्या मंडळीने गात गात बागेत जायचं, मोठ्या साहेबांनी प्रार्थना करून इंजिन सुरू करायचं आणि ताण तोडायचा. दृष्टान्त डोळ्यांसमोर घडेल. बाबा मान डोलावत होते. त्यांनी त्या भरात शेवटच्या ओळीचं बादलीचं पाणीही बंद करायला सांगितलं. सगळी बाग एकसारखी तहानलेली दिसली पाहिजे, मध्येच हिरवी ओळ नको.

आणि मग एका संध्याकाळी जेवताना त्यांनी आमच्या घराची चिठ्ठी सांगितली. सरोजताईला नागपूरच्या एका दवाखान्यातून नर्सिंगच्या शिक्षणासाठी पत्र आलं होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. ते पत्र तिने इतक्यांदा उघडलं होतं, की घडीवर कागद फाटला होता. बाबा म्हणाले, "मी लिहिलं हाये, माझी मोठी मुलगी. तिची नागपूरची जागा आपण प्रभूसाठी सोडून देऊन राहिलो. ती इथंच राहीन, मंडळीच्या सेवेत. बायामानसांत फिरन, शिकवन."

मी म्हटलं, "पण नर्सचं काम सेवा नाही का?"

"पगार हाये त्यात," बाबा म्हणाले. "पगार असला का सेवा नाई रायत."

बाबांनाही बागेचा पगार होता. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बरं." सरोजताईने वाढता वाढता हात थांबवला नाही. "प्रभूची इच्छा," ती म्हणाली आणि हसली. आमच्या घरात पाहुण्यांसाठी दोन कप होते, त्यातल्या एकाला तडा होता. तो कपाटात तड्याची बाजू भिंतीकडे करून ठेवत. तसं ते हसू होतं.

शास्त्रात एका सेनापतीची गोष्ट आहे. तो नवस बोलतो, जिंकून आलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन. सामोरी येते ती डफ वाजवत त्याची एकुलती मुलगी. बाप कपडे फाडतो. नवस बापाचा, दुःखही बापाचं, आणि मरायचं मात्र मुलीने. चौदाव्या वर्षी ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली आणि त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं. बाबांचा संशय सोपा होता: दाऊद मास्तरांचे जोडे. आईचा अवघड. ती गप्प का? मला वाटलं, तिला घरात सरोजताईचे हात हवेत. आणि सगळ्यात जास्त संशय मला ताईचा आला. इतक्या सहज कुणी सोडत नसतं. ती आता सकाळचं जेवतही नव्हती, उपास म्हणायची. तिच्या गालांची हाडं वर आली होती आणि चर्चमधल्या बाया म्हणत होत्या, पोरीच्या तोंडावर काय तेज आलं, बाप्पा!

मोठ्या साहेबांचं पोस्टकार्ड आलं. त्यांना या रविवारी जमत नाही, पुढच्या रविवारी येतील. मग दुसरं कार्ड आलं, त्याच्या पुढच्या रविवारी. चिठ्ठ्या गडव्यात पडून राहिल्या आणि बाग ताणावर. एव्हाना पानं नुसती मुडपलेली नव्हती, झाडांखाली त्यांचा थर साचू लागला होता. बाबा सकाळी बागेत जायचे, एखादं पान बोटांनी चुरगाळून वास घ्यायचे आणि परत यायचे. नेमकी वेळ टळून गेली हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"पानी सोडा," आई म्हणाली.

"साहेब येतीन न."

"झाडाले काय समजते, साहेब कोन अन् काय?"

"अवं, पाळकसाहेबांनी पत्रिका वाटल्या. मी कोन आता इंजिन सुरू करनारा?"

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की दुपारी बाबांचा डोळा लागला की सरोजताई मागच्या दाराने निघून जाते, हातात बादली, वर झाकलेली. मला वाटलं, सापडली. उपास सांगते आणि बागेत जाऊन खाते. बादलीत भाकर असणार. मला ती खाताना पकडायची होती, हे आज लिहायला बरं वाटत नाही. कुणाचा त्याग खोटा ठरला की आपल्याला बरं वाटतं, ही माझी जन्मभराची खोड आहे आणि ती तिथेच लागली असावी.

मी झाडांच्या आडून गेले. ती शेवटच्या ओळीत बसली होती. बादलीवरचं फडकं काढून ती रोपाच्या आळ्यात गडवा-गडवा पाणी घालत होती, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून हातावरून. मग वरून कोरडी माती पसरत होती, ओल दिसू नये अशी. भांड्यांचं धुवण आणि तिच्या स्वतःच्या आंघोळीचं पाणी होतं ते.

मी पुढे होऊन म्हटलं, "बाबांनी पाणी बंद केलं ना? हा ताण मोडणं झालं."

ती दचकली, पण उठली नाही. "पमे, हळू बोल. या वयाच्या झाडाला ताण देत नसतात. बाबांनीच शिकवलं नाही का?"

"मग तुला कसा दिला?"

तिने रिकामी बादली उपडी करून शेवटचे थेंब मातीत झटकले आणि तिथेच गुडघ्यांत तोंड घालून बसली. तेजबिज काही नव्हतं ते. ती भुकेली आणि घाबरलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती.

मी घरी येऊन आईला सांगितलं. चहाडीच करायची होती की दुसरं काही, मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, वाकड्या बोटांनी, एकेक. माझं ऐकून हात थांबले.

"रोपाले पानी घालून राहिली?"

"हो. म्हणे, या वयाच्या झाडाला ताण देत नसतात."

"अन् तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, मग तुला कसा दिला."

आईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच चूप होती, पमे. तुह्या बापानं लिवलं, पन मी चूप काऊन होती? माहे हात पाहून चूप होती. म्हटलं, घरात राहीन तर भाजी तरी करून घालन." थोडं थांबून तिने पुढे म्हटलं, "स्वतःले सोडा म्हनून सांगतलं हाये शास्त्रात. स्वतःले. पोरीले सोडा म्हनून कुठं हाये?" तिला वाचता येत नव्हतं. ते वचन तिने ऐकूनच पाठ केलेलं होतं आणि मला वाटतं, त्या मंडळीत तिने एकटीनेच ते शेवटपर्यंत ऐकलं होतं.

शेवटी तो रविवार आला. मोठे साहेब आले, पांढरा झगा, नागपूरहून आणलेला हार, पेटीवर नवं कापड. आई म्हणाली, हात दुखतात, मी घरीच थांबते. बाबा काळा कोट घालून पुढच्या बाकावर, त्यांच्या शेजारी दाऊद मास्तर, जोडे घालून. मोठ्या साहेबांनी उपदेश सुरू केला. विषय अर्थातच ताण. आपण कोरडे होत नाही तोवर देव आपल्याला भरू शकत नाही, असं ते सांगत होते आणि दर पाच मिनिटांनी पेल्यातलं पाणी पीत होते. मग गडवा पुढे आणला. पाळकसाहेबांनी पहिली चिठ्ठी काढली. कुणीतरी सुपारी खाणं सोडलं होतं.

तेवढ्यात खिडकीतून एक आवाज आला. खट्, खट्, आणि मग काहीच नाही.

आमच्या इंजिनाला हँडल मारावं लागायचं. धडधाकट माणसाच्याही खांद्याला हिसका बसेल असं जड हँडल. बाबांनी मान वळवली नाही, पण त्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसली. पुन्हा खट्, खट्, खट्. पुन्हा बंद. सरोजताईने माझा हात इतका घट्ट धरला, की माझी बोटं पांढरी पडली. आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर ती वाकडी बोटं होती. पाळकसाहेब सुपारीची चिठ्ठी हातात धरून उभे होते. आणि तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झालं. डुग, डुग, डुग, डुग. दीड महिना उलटून गेल्यावर तो आवाज चर्चच्या भिंतीपर्यंत आला आणि लोक एकमेकांकडे, मग बाबांकडे पाहू लागले. ज्या सोहळ्यासाठी पत्रिका वाटल्या होत्या, तो कुंपणापलीकडे कुणाच्याही प्रार्थनेशिवाय उरकला गेला होता.

"याकोब बंधू," पाळकसाहेब म्हणाले, "हे काय आहे? जा, बंद करून या."

बाबा उठले. मला वाटलं, आता जातील. ते गेले ते वेदीकडे. म्हणाले, "साहेब, त्यात माझी एक चिठ्ठी हाये. ती वापस द्या."

"ती वाचायची आहे ना?"

"वाचू नका. त्यात लिहिलेलं माझं नाई. जे माझं नाई ते मी कसं सोडू?" पाळकसाहेब हलले नाहीत, तेव्हा बाबांनी स्वतः गडव्यात हात घालून आपली चिठ्ठी शोधली आणि कोटाच्या खिशात टाकली.

मोठे साहेब मंद हसले. असं हसणं त्यांना पदाबरोबर मिळालेलं असावं. "मग बंधू, तुम्ही स्वतः काय सोडलं म्हणायचं?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. "माझा मान आत्ताच गेला, साहेब. ऐकू येऊन राहिलं न."

मला या वाक्याचाही संशय आलेला आहे. इतकं नेमकं वाक्य माणसाला आयत्या वेळी सुचत नाही. ते आदल्या दिवशीच आईशी ठरवून आले होते की काय, की बायकोने चारचौघांत तोंडघशी पाडल्यावर तोंड वाचवायची ती शेवटची वाट होती? मी पुढे दोघांनाही विचारलं. आईने "बरं" म्हटलं आणि बाबांनी विषय बदलला. त्यांचं पंचपद पुढच्या महिन्यात गेलं, दाऊद मास्तर एकटेच पंच राहिले. त्या वर्षी बागेला बहार अगदी विरळ आला आणि त्याचा ठपकाही बाबांवरच आला. आपण काय सोडलं हे त्यांनी पुन्हा कधी चिठ्ठीवर लिहिलं नाही. माझ्या संशयाला एवढ्या एकाच गोष्टीपुढे गप्प बसावं लागतं.

आम्ही घरी आलो तेव्हा आई इंजिनापाशी दगडावर बसली होती. तिचा उजवा हात मनगटापासून सुजला होता आणि पदराला काळं तेल लागलं होतं. बाबा तिच्यासमोर उभे राहिले.  इंजिनच बोलत होतं.

"हात दाखव," बाबा म्हणाले.

"हात राहू द्या. पानी फुटून राहिलं तिकडं, दांड पाहा. अन् पोरीची पेटी माळ्यावरून काढा. उद्याची गाडी हाये तिची."

बाबांनी जोडे काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि काळ्या कोटासकट फावडं घेऊन बागेत शिरले. दांडातून, म्हणजे पाण्याच्या पाटातून, एकेका ओळीसाठी वाट फोडत, एकेका आळ्यात पाणी वळवत ते पुढे जात होते. कोरडी जमीन पाणी पिताना आवाज करते, तो सगळ्या बागेतून येत होता. मी मागे मागे गेले. शेवटच्या ओळीपाशी येऊन ते वाकले, पहिल्या रोपाच्या आळ्यातली वरची कोरडी माती त्यांनी हाताने बाजूला केली. खाली ओल होती. दुसऱ्या रोपाशीही होती. तिसऱ्याशीही. रोपांची पानं हिरवी, ताठ.

ते तसेच मातीत हात घालून बसून राहिले. मग त्यांनी घराकडे पाहिलं. ओट्यावर सरोजताई आपली दोन लुगडी घडी करत होती. मला वाटलं, ते विचारतील, कोणी घातलं? पण ते उठले, त्या ओळीच्या दांडाच्या तोंडाशी फावड्याने मातीचा बांध घातला, आणि पाणी तहानलेल्या झाडांकडे वळवलं.